पायरीखालचा डबा

तायड्यांच्या घरात भांडण कधी मोठ्या आवाजात झालं नाही. भांडायचं ते प्रार्थनेत. शांतवनबापू गावोगाव फिरणारे ख्रिस्ती प्रचारक, घरात आवाज चढवायला त्यांची बंदी, आणि डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्येच अडवायलाही बंदी. या दोन बंद्यांच्या मधल्या बोळातून तीन पिढ्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली. 'हे पित्या, या घरात रोज भाकरी करपते, करणारीला क्षमा कर,' असं सासूने म्हणावं. मग सुनेची पाळी आली की 'हे पित्या, ज्यांचे दात पडले त्यांना धीर दे.' शेवटी आमेन म्हणायचं आणि उठून कामाला लागायचं. बापूंचा नियम असा की आमेन म्हणजे सही. आमेन पडेपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत, आणि एकाचंही आमेन पडलं की गोष्ट देवाकडे गेली, ती परत मागायची नाही. बापूंच्या थोरल्या मुलाचं, भालचंद्राचं, लग्न याच नियमाने ठरलं होतं. बापूंनी मुलीचं नाव घेऊन प्रार्थना केली, आईने आमेन म्हटलं, भालचंद्राने डोळे उघडले तेव्हा तो लग्न ठरलेला माणूस होता.

बापू जाऊन बारा वर्षं झाली, मलकापूरचं घर तसंच होतं, नियमही तसाच होता.

बहात्तर सालच्या पंधरा ऑगस्टला पहाटे बापूंची मुलगी शैलजा मिशनच्या दवाखान्यातून रात्रपाळी करून घरी आली तेव्हा तिचे पाय तिचे राहिले नव्हते. सलग चौथी रात्र. पावसाने पाठ फिरवलेली, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया हगवणीने आडव्या पडत होत्या, खाटा संपल्या म्हणून त्यांना खाली चटयांवर निजवलं होतं, आणि सलाईन अडकवायला खिडकीच्या गजांशिवाय काही उरलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, लग्न न केलेली, आईबापांचं शेवटचं सगळं हिनेच काढलेलं. लोक तिला सिस्टर म्हणत आणि तिच्याकडे पाहून उठून उभे राहत. अशा मानाने पायांची आग काही कमी होत नाही.

तरी ती आज झोपणार नव्हती. आज डबा पुरायचा होता.

डबा हे घरातल्यांनी ठेवलेलं नाव. भालचंद्र, म्हणजे तिचा मोठा भाऊ, हेडमास्तर आणि चर्चच्या मंडळीचा पंच, त्याला कालपेटी म्हणे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाची गावात सभा झाली, तिथे कुणीतरी हसत हसत त्याला विचारलं होतं, मास्तर, तुमचे साहेब गेले त्याला पंचवीस वर्षं झाली, तुम्हाला कसला एवढा आनंद? सगळे हसले. भालचंद्रही हसला, कारण अशा वेळी हसावंच लागतं. मात्र घरी येऊन तो दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की तायड्यांच्या सहा पिढ्या एका पेटीत घालून ओट्याच्या पायरीखाली पुरायच्या, आणि स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतील त्या दिवशी नातवंडांनी ती उघडायची. आपण याच मातीतले आहोत हे त्याला सिद्ध करायचं होतं, आणि आत्ता कोणी ऐकत नाही म्हणून पंचवीस वर्षांनंतरच्या लोकांना सांगायचं होतं. शैलजाला त्याची दयाच आली. एवढ्या थकलेल्या माणसाला एवढी लांबची आशा कशी सुचते, असं तिला वाटलं.

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आठ दिवस पडवीत होता आणि भरत चालला होता. बेचाळीस साली प्रभातफेरीत घातली म्हणून बापूंनी मिशनच्या साहेबाची बोलणी खाल्ली, ती खादीची टोपी त्यात होती. रेल्वेच्या नोकरीतून सुटलेल्या बापूंच्या भावाने, नारायणकाकांनी, आपली हिरवी झेंडी दिली होती, धुऊन, इस्त्री करून. वहिनीने रेशनच्या लाल ज्वारीची पुरचुंडी टाकली होती. पुढच्यांना कळू दे आपण काय खाल्लं ते, असं ती म्हणाली, आणि ते देशप्रेमाने म्हणाली की रागाने, हे कोणालाच कळलं नाही. पणजोबा कडूबा ज्या धामणगाव बढ्यातून निघाले तिथल्या काळ्या मातीची पिशवीही होती. सगळ्यात वर ठेवायची होती नावांची यादी.

ती यादी घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर होती. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, पिढ्यान्‌पिढ्या त्या एका पानावर उतरवलेले. भालचंद्र ती वळणदार अक्षरात नव्या कागदावर उतरवून काढणार होता, आणि खरी अडचण तिथेच होती. पानावरची एक ओळ बापूंनी खोडलेली होती. रागाने फराटे मारून नव्हे. पट्टी लावून, सरळ, निळ्याकाळ्या शाईने. खालचं नाव अजूनही वाचता येई. चिंतामण शांतवन तायडे.

चिंतामण, सगळ्यात धाकटा. एकोणीस वर्षांपूर्वी बुलडाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेला, तेव्हा प्रवेशाच्या फॉर्मवर ख्रिस्ती न लिहिता हिंदू लिहिलं आणि पुढे जुनी जात लिहिली. ख्रिस्ती झालेल्यांना सवलत बंद झाली होती, तेवढ्या एका शब्दावर शिक्षण अडलं होतं. मंडळीतल्या कोणीतरी सवलतवाल्यांच्या यादीत नाव पाहिलं. पंचांनी त्याला मंडळीतून कमी केलं आणि बापूंनी पट्टी घेतली. आता तो तिकडे वरवट बकालला शाळामास्तर होता, बायको होती, मुलगी होती. या घरात शेवटचा आला तो बापूंच्या मयतीला, आणि तेव्हाही फाटकाबाहेर उभा राहून गेला.

नव्या कागदावर त्याचं नाव यायला हवं, एवढंच शैलजाला हवं होतं. बाकी डब्याचं काहीही होवो. तिने आठवडाभर हळूहळू माणसं जमवली होती. वहिनीला, म्हणजे भालचंद्राच्या स्नेहलतेला, तिने धुणं धुताना गाठलं. वहिनी म्हणाली, मी तुमच्या बाजूने. नारायणकाकांना चहा दिला तेव्हा विचारलं. ते म्हणाले, पोरगं आपलंच आहे, मी बोलीन. आणि या बळावर तिने चिंतामणला कार्ड टाकलं, पंधरा ऑगस्टला ये, डब्यात तुझं नाव घालत आहोत. 'घालू' असं नाही लिहिलं. 'घालत आहोत' लिहिलं.

सहा वाजता भालचंद्र पांढरेशुभ्र कपडे घालून सतरंजीवर बसला. झेंडावंदनाला जायच्या आधी घरची प्रार्थना. वहिनी बसली, ऐकायला कमी येणारे नारायणकाका भालचंद्राच्या अगदी जवळ बसले, शैलजा भिंतीला टेकून बसली. भिंतीला टेकायला नको होतं.

भालचंद्राने देशासाठी प्रार्थना सुरू केली. मग पंतप्रधानांसाठी, मग पावसासाठी, मग जिल्ह्यातल्या गुरांसाठी. त्याचा आवाज शाळेत रोज ऐकून पोरं पेंगत, ती काही पोरांची चूक नव्हती. गुरांपर्यंत शैलजा जागी होती. त्यानंतर तिला वॉर्ड दिसला, खिडकीच्या गजाला अडकवलेली बाटली, बाटलीतलं पाणी थेंबाथेंबाने उतरत होतं आणि ते संपायच्या आत उठायला हवं होतं. मग सगळं शांत झालं. वॉर्डात सकाळची प्रार्थना संपते तेव्हा असंच शांत होतं, आणि पहिलं आमेन सिस्टरचं असतं.

"आमेन," शैलजा म्हणाली. चांगलं खणखणीत.

तिच्यामागून वहिनी म्हणाली. काका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नंतर म्हणाले. डोळे उघडले तर भालचंद्र तिच्याकडेच पाहत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"शैला, तू असं समजून घेशील असं मले वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी रात्रभर हाच विचार करून राह्यलो होतो, आता शैला काय म्हणते अन्‌ काय नाही."

कशाबद्दल, हे विचारायची तिला लाज वाटली. मोरीपाशी वहिनीला विचारलं तेव्हा कळलं. गुरांच्या नंतर भालचंद्राने देवाला सांगितलं होतं की ज्याने आपण होऊन तुझ्या घराकडे पाठ फिरवली, त्याचं नाव आम्ही या यादीत घालत नाही, वडिलांची तीच आज्ञा होती, हे सर्वांना मान्य असो.

"अन्‌ तुम्ही काऊन आमेन म्हटलं, वहिनी?"

"तुम्हीच म्हटलं ना, शैलाताई. मले वाटलं, तुमचं काही ठरलं असन. तुमच्या भावापुढं मी एकटी कशाच्या भरवशावर थांबू?"

काकांचंही तेच. ते म्हणाले, मला ऐकू आलं ते तुझंच आमेन, बाकी काही आलं नाही. त्यांच्यावर रागवायला जागा नव्हती. आठवडाभर जमवलेली माणसं तिच्याच शब्दामागे शिस्तीत चालत पलीकडे गेली होती.

ती पडवीत भालचंद्रापुढे जाऊन उभी राहिली. तो टोपी नीट करत होता. मी झोपले होते, दादा, ऐकलं नाही, असं तिने सांगितलं. भालचंद्राचा हात टोपीवरच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते ओलं काही हळूहळू गेलं आणि हेडमास्तर परत आला.

"आमेन पडलं, शैला. झोपेत पडलं का जागेपणी, हे बापूनं कधी विचारलं? मायं लग्न ठरलं तवा मले कोणी विचारलं होतं?" वहिनी आत भांडी घासत होती, तिकडे त्याने पाहिलं नाही. "एकाचं पडलं की सगळ्याइचं. मी उठसूट नियम मोडला तर या घरात राह्यलं काय?"

मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला की तुला वाटतं मी दगड आहे. त्या वर्षी भालचंद्रालाही तोच फॉर्म भरता आला असता. पुढे त्याच्या दोन पोरींना भरता आला असता. त्याने नाही भरला. पोरी फाटक्या वह्यांवर शिकल्या, थोरली मॅट्रिकच्या पुढे गेलीच नाही. ज्याने भरला तोही तायडे आणि ज्यांनी नाही भरला तेही तायडे, एकाच कागदावर, एकाच शाईने, असं कसं लिहू, हे तू मला सांग.

तो झेंडावंदनाला गेला. ती पडवीत बसून राहिली, आणि झोप आता येत नव्हती.

सांगायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती तिने एकोणीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. तो फॉर्म चिंतामणने भरलाच नव्हता. बुलडाण्याला जाताना त्याला वाटेतच हिवताप भरला. कचेरीबाहेरच्या बाकावर तो बहिणीचं लुगडं पांघरून कुडकुडत पडला होता आणि आत टेबलापाशी शैलजा उभी होती. बाबूने विचारलं, धर्म? तिने बाहेर बाकाकडे पाहिलं. सतरा वर्षांचा पोरगा, परत नेला तर जन्मभर लोकांच्या वावरात राबणार. तिने तो शब्द सांगितला आणि आपल्या हाताने लिहिला. चिंतामणला कळलं ते दोन महिन्यांनी. बोभाटा झाला तेव्हा बापूंनी त्याला समोर उभं करून विचारलं, तू लिहिलंस? शैलजा तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नुकतीच दवाखान्यात लागली होती, मिशनची नोकरी, सगळ्या घराची चूल तिच्यावर. चिंतामणने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हो. ती तांब्या घेऊन आत गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ झाकून झाकून तिची बोटं आखडली होती.

चिंतामण दुपारी आला. शाळेचं झेंडावंदन उरकून, एसटीने, छातीला कागदी तिरंगा टाचलेला तसाच. केस पिकायला लागले होते. फाटकाशी थांबला. ती त्याला आत बोलवायला गेली आणि बोलावण्याआधीच तिने काय झालं ते सांगून टाकलं, कारण आत बोलवून सांगणं आणखी वाईट होतं. मी झोपले, चिंतामण. एवढंच झालं. मी झोपले.

तो हसला. त्याचं हसणं आईसारखं होतं, आवाज न करता.

"रात्रपाळी होती का तुयी?"

"हो."

"मग झोपशीन नाही तं काय करशीन. जाऊ दे, अक्का. मले सवय हाये." त्याने पिशवीतून एक गुंडाळी काढली. मुलीने वहीच्या कागदावर झेंड्याचं चित्र काढून दिलं होतं, डब्यात टाकायला. "हे टाकता आलं तं टाक. नाव नाही लिहिलं तिचं. मीच नको म्हटलं."

"मी आज सांगतो सगळ्याइले," शैलजा म्हणाली. "फॉर्म कोणं भरला ते."

तेव्हा मात्र तो गंभीर झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी ऐकेल. "काही सांगू नको. मी सुटलो केवाचाच. मायं घर हाये, नोकरी हाये. तुले इथंच राहा लागते, या लोकाइत. दवाखान्यातून काढलं तं कुठं जाशीन या वयात? माये एकोणीस वर्षं वाया घालवशीन काय?"

म्हणजे एवढी वर्षं त्याने ते सांभाळून ठेवलं होतं, कमाई सांभाळावी तसं. हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. तिला फक्त फार दमल्यासारखं झालं. कोणीतरी आपलं ओझं वाहतो आहे हे माहीत असणं, हेही एक ओझंच असतं, आणि ते खाली ठेवायलाही त्याचीच परवानगी लागत होती.

भालचंद्र परतला तो वहाबभाईला घेऊनच. वहाबभाई बाजारातला पत्र्याचं काम करणारा, कंदील, चाळण्या, डबे झाळून देणारा म्हातारा. त्याने अंगणात शेगडी पेटवली, निखाऱ्यात झाळायचं लोखंड खुपसलं, नवसागराचा धूर उठला. तेवढ्या वेळात भालचंद्राने फाटकाशी उभ्या भावाला पाहिलं. दोघांमध्ये चार पावलांचं अंगण होतं. भालचंद्र म्हणाला, आलास. चिंतामण म्हणाला, हो, दादा. नारायणकाका मात्र काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पायरीपर्यंत घेऊन आले. पहार लावून पायरीचा दगड आधीच सरकवलेला होता. वहिनीने एक तांब्या भरून आणला आणि सगळ्यांच्या देखत चिंतामणच्या हातात दिला. नवऱ्याकडे तिने आताही पाहिलं नाही.

भालचंद्राने यादी आणली. सुंदर अक्षर होतं. कडूबापासून सुरू होऊन त्याच्या स्वतःच्या धाकट्या नातवापर्यंत. शांतवनबापूंची दोन मुलं त्यात होती, भालचंद्र आणि शैलजा. त्याने तो कागद डब्यात बापूंच्या टोपीवर ठेवला. मुलीचं चित्र शैलजाने त्याच्या शेजारी ठेवलं, त्याने पाहिलं आणि ते तिथेच राहू दिलं. मग झाकण लावून वहाबभाईकडे सरकवायच्या आधी तो म्हणाला की शेवटची प्रार्थना शैलाने करावी. त्याला वाटलं असावं की यामुळे सकाळचं आमेन पक्कं होईल. किंवा त्याला खरंच वाईट वाटलं असेल. माणसाच्या मनात एका वेळी दोन्ही असतं.

सगळ्यांनी डोळे मिटले. चिंतामणनेही मिटले, सवयीने.

"हे स्वर्गीय पित्या," शैलजाने सुरुवात केली, "आज आमच्या देशाला पंचवीस वर्षं झाली याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. या घराला तू आजवर सांभाळलंस." प्रार्थनेची भाषा सराईतपणे येत होती, पुस्तकातली, वॉर्डात रोज म्हणायची. पुढचं वाक्य मात्र त्या भाषेत होईना. ती थांबली. शेगडीतला कोळसा तडकला.

"देवा, तुले माहीत हाये, तो फॉर्म चिंतामणनं नाही भरला. मी भरला. तो तापात पडला होता. मी माया हातानं हिंदू लिहिलं, जात लिहिली. बापूनं विचारलं तवा मी तांब्या घेऊन उभी होती, अन्‌ मी काही बोलली नाही. त्यानं मायासाठी हो म्हटलं. एकोणीस वर्षं मी मंडळीत पुढच्या बाकावर बसून राह्यली अन्‌ हा फाटकाबाहेर उभा राह्यला. दादानं खूप सोसलं, त्याच्या पोरीइनं सोसलं, ते खोटं नाही. त्याले राग यायचा तं माया यावा. या कागदावर मायं नाव ठेवायचं तं त्याचंही ठेव, अन्‌ त्याचं खोडायचं तं मायंही खोड. मी थकली, देवा. मले याच्यापुढं हे उचलवत नाही. येशूच्या नावानं मागतो."

ती थांबली. आता आमेन पडायचं.

कोणी म्हटलं नाही. तिने स्वतः म्हणायचं नव्हतं, मागणाऱ्याने आपलीच सही करायची नसते, हेही बापूंचंच. शैलजाला शेजारी वहिनीचा श्वास ऐकू येत होता, भरभर. काकांना ऐकू आलं की नाही, देव जाणे. भालचंद्राच्या बाजूने काहीच आवाज नव्हता. सगळे डोळे मिटून अंगणात उभे, आणि नियमाप्रमाणे कोणालाच डोळे उघडता येत नव्हते. लांब स्टेशनात एक मालगाडी आली, बराच वेळ डबे आपटत राहिली आणि गेली. ऊन डोक्यावर होतं. आपण आता पडणार, असं शैलजाला वाटलं, आणि पडायला तिची काही हरकत नव्हती.

वहाबभाईने एकदा खाकरून पाहिलं. त्याचं लोखंड तापून लाल झालं होतं, परत निवत चाललं होतं, आणि बाजारात त्याचं दुकान उघडं होतं. बाई दुआ मागत होती, ती मागून झाली होती, पुढचा शब्द कोणी का बोलत नाही हे काही त्याच्या लक्षात येईना. म्हणून त्यानेच तो म्हटला.

"आमीन," वहाबभाई म्हणाला. "चला, मास्तर. लोहा थंडा होऊन राह्यला."

सगळ्यांनी डोळे उघडले.

"पडलं," नारायणकाका म्हणाले. एवढं बरं त्यांना ऐकू आलं.

भालचंद्राने तोंड उघडलं. हा आपल्यातला नाही, ह्याचं कसं धरायचं, असं काहीतरी त्याच्या ओठावर आलं असावं. पण सकाळीच त्याने स्वतः सांगितलं होतं की झोपेतलंही चालतं. आणि कोणाचं आमेन, हे बापूंनी कधीच सांगितलं नव्हतं. तो हलवलेल्या पायरीच्या दगडावर बसला, पांढऱ्या धोतराला माती लागली, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. मग त्याने शैलजाकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

"पंचाइपुढं सांगा लागन हे," तो म्हणाला.

"सांगीन," ती म्हणाली. "रविवारी सांगतो."

"काढतीन तुले दवाखान्यातून."

"काढतीन."

भालचंद्राने मान हलवली, कोणालाही उद्देशून नाही. मग वाकून डब्यातला कागद काढला आणि खिशातलं पेन काढलं. शांतवनबापूंच्या मुलांच्या ओळीशी त्याने पेन टेकवलं. तिथे जागा थोडी होती, अक्षर बारीक काढावं लागणार होतं. नाव लिहून झाल्यावर त्याने वर न पाहता विचारलं, "बायको?"

"सुलोचना," चिंतामण म्हणाला.

"पोरगी?"

एवढ्या वर्षांत भालचंद्राला पुतणीचं नाव माहीत नव्हतं. चिंतामण जरा घुटमळला. "शाळेत सुनंदा हाये, दादा. घरी मार्था म्हणतो."

मार्था हे त्यांच्या आईचं नाव. पेन थांबलं. वहाबभाईने लोखंड पुन्हा निखाऱ्यात खुपसलं आणि कंटाळून विडी काढली.

"मग कोन्तं लिहू?" भालचंद्राने विचारलं, आणि त्याचा आवाज हेडमास्तराचा नव्हता.

"दोन्ही लिही. दोन्ही खरे हायेत."

त्याने दोन्ही लिहिले. शाई वाळेपर्यंत कागद उन्हात धरला. मग डबा बंद झाला, वहाबभाईने कडेने झाळ फिरवली, आणि काम होताच तो शेगडी उचलून निघून गेला. आपण काय करून चाललो हे त्याला कोणी सांगितलं नाही. दोन्ही भावांनी मिळून डबा खड्ड्यात उतरवला. दगड जड होता, एकट्या भालचंद्राच्याने तो जागेवर बसला नसता.

पुरल्यावर प्रार्थना करायची रीत. भालचंद्राने डोळे मिटले. ही आता गुरांपर्यंत जाणार, असं समजून वहिनी ओट्याला टेकली. पण त्याला त्या दिवशी पाऊससुद्धा आठवला नाही.

"देवा," तो म्हणाला, "आम्ही सगळे इथं आहोत."

वहिनीचं आमेन आलं, चिंतामणचं आलं, काकांचं आलं. शैलजाचं सगळ्यात शेवटी आलं. या वेळी ती जागी होती.